आपण कुठले? स्थलांतर, तीन पिढ्या आणि माध्यमे



संयोजकांनी विषय जरा जड दिलाय: स्थलांतरित कुटुंबांच्या पिढ्या आणि प्रसारमाध्यमे. पण सुलतानपुरात तो जड वाटायचं कारण नाही. इथं बसलेल्यांपैकी ज्यांच्या घरचं कोणीच पुण्या-मुंबईला किंवा देशाबाहेर नाही, असे हात वर करा म्हटलं तर फार थोडे हात वर होतील.

सुरुवात घरातूनच करू. आमची नात पुण्यात वाढली. सात वर्षांची होती तेव्हा फोनवर आम्ही तिला विचारलं, "काहून वं, जेवली का नाही?" ती खदखदून हसली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही त्या सीरियलमधल्या विनोदी माणसासारखं बोलता!" तिच्या मनात खोट नव्हती. पण तो फोन ठेवल्यावर आम्ही बराच वेळ गप्प बसलो. आमची बोली तिला पहिल्यांदा भेटली ती पडद्यावर, कोणाला तरी हसवण्यासाठी. आजोबा त्यानंतर भेटले. आजचा सगळा विषय या एका वाक्यात आहे.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही जॉन लॉक शिकवायचो. आपल्या ग्रंथाच्या १६९४च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यानं 'ओळख' या विषयावर एक प्रकरण घातलं. त्याचं म्हणणं साधारण असं की, कालचा मी आणि आजचा मी एकच, कारण कालचं मला आठवतं. ठीक आहे. पण जो काल आपण जगलोच नाही, त्याचं काय? आमच्या नातीनं इथली पेरणी पाहिली नाही, लोणारला कमळजा देवीच्या दर्शनाला ती पायी गेली नाही. तरी ती 'आम्ही बुलढाण्याचे' म्हणते. ही आठवण तिला उसनी मिळालेली आहे. उसनी आठवण कोण देतं? घरातली माणसं देतात आणि माध्यमं देतात. घरातली माणसं दूर असली, की माध्यमांचा वाटा वाढतो.

हे कसं घडतं ते पाहायचं तर मराठीतच एक लख्ख उदाहरण आहे: कोकणातले बेने इस्रायली. अलिबाग, पेण, रोहा या भागात शतकानुशतकं राहिलेला हा ज्यू समाज. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणे. आडनावं गावांवरून पडलेली: पेणकर, रोहेकर, नवगावकर, केहीमकर. बोली मराठी. म्हणजे 'तुम्ही कोण?' या प्रश्नाला पहिलं उत्तर गावाचं होतं.

हे लोक मुंबई-पुण्याला आले आणि एकोणिसाव्या शतकात त्यांची छापखान्याशी गाठ पडली. गंमत बघा, त्यांना हिब्रू शिकायला मदत झाली ती मिशनऱ्यांची. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा. पण या समाजानं ते साधन घेतलं आणि आपलाच धर्म अधिक घट्ट धरला. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडण सणाचा विधी सांगणारी पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाली. १८७४ मध्ये पुण्यात सचित्र आवृत्ती निघाली. त्या चित्रांत सणाची बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आहेत! कथा मिसर देशातून सुटकेची आणि चित्र आपल्या स्वयंपाकघराचं.

पुढं त्यांनी कीर्तनही उचललं. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठी पदांत आणि ओव्यांत रंगू लागली. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत शाळा काढली. समाजाचा इतिहासही त्यांनी लिहिला. १८९७ मध्ये लिहून झालेला हा इंग्रजी ग्रंथ छापून आला १९३७ मध्ये, तेल अवीवला. बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ मध्ये 'इमॅजिन्ड कम्युनिटीज' या पुस्तकात मांडलं की, कधीही न भेटलेली माणसं छापील शब्दामुळं स्वतःला 'आपण' समजू लागतात. इथं तेच झालं. पेणचा आणि नवगावचा माणूस एकच पोथी वाचू लागला, आणि 'आम्ही नवगावचे' याच्या जोडीला 'आम्ही बेने इस्रायली' हे उत्तर ठळक झालं.

१९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येनं इस्रायलला गेला. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद इथं वसला. ज्या भूमीची पोथीत रोज आठवण काढली, तिथं पोचल्यावर मात्र १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठानं विवाहाच्या वेळी यांच्या पूर्वजांची चौकशी करायचा आदेश काढला. म्हणजे, तुम्ही नक्की आमच्यातलेच का? लोक जेरुसलेममध्ये धरण्याला बसले. अखेर १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं सांगितलं की, हे सर्व बाबतींत बरोबरीचे ज्यू आहेत.

मित्रहो, ओळख ही केवळ मनातली गोष्ट नसते. कधी कधी ती दुसऱ्यासमोर सिद्ध करावी लागते. अशा वेळी ज्या समाजानं स्वतःबद्दल स्वतः लिहून ठेवलेलं असतं, त्याच्या पायाखाली काहीतरी जमीन असते.

आणि मराठीचं काय झालं? पहिल्या पिढीनं ती सोडली नाही. १९८०च्या दशकात तिथं 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक सुरू झालं. देवनागरीत छापलेलं, इस्रायलमध्ये! दुसऱ्या पिढीला मराठी कळते, पण ती वाचायला जड जाते. तिसरी पिढी हिब्रूत वाढली. तिच्याकडं उरलं काय? लग्नातली मेंदी, एलियाहू पैगंबराच्या नावानं केलेला मलिदा आणि हिंदी चित्रपटांची गाणी. त्यामुळं या मुलांना विचारलं तर सोपं उत्तर येतं: 'इंडियन'.

आता तीन उत्तरं एका ओळीत ठेवा. आजोबा: नवगावचे. वडील: बेने इस्रायली. नातू: इंडियन. बोलीचा आवाका गावाएवढा, छापखान्याचा समाजाएवढा, सिनेमाचा देशाएवढा. आमचं म्हणणं एवढंच आहे की, ज्या माध्यमाचा आवाका जेवढा, तेवढं मोठं 'आपण' ते पुढच्या पिढीला देतं. मोठं 'आपण' वाईट नाही. परक्या देशात त्याचा आधार असतो. पण वर्तुळ रुंदावताना आतलं बारीक नक्षीकाम पुसट होत जातं.

मॉरिशसमध्येही हेच दिसतं. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांवर मजूर नेले जाऊ लागले, त्यांत कोकणातले मराठी लोकही होते. त्यांच्या वंशजांच्या घरात आज बहुतेक क्रिओल चालते. तरी शाळेत मराठी विषय आहे, सरकारी प्रसारणात मराठी कार्यक्रम आहेत, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. 'मराठी' ही ओळख टिकली. पण पणजोबांचं गाव कोणतं, हे किती घरांत सांगता येईल?

आता पुन्हा सुलतानपुरात येऊ. आमच्या लहानपणी गावाबाहेरचा आवाज म्हणजे रेडिओ. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झालेलं. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात गावाकडची बोली कानावर यायची आणि कोणी हसायचं नाही, कारण त्यात पेरणीची, खताची, भावाची गोष्ट असे. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन आलं, पुढं खासगी वाहिन्या आल्या. बातम्या, नायक-नायिका, डॉक्टर, वकील प्रमाण मराठीत बोलू लागले. वऱ्हाडी बोलायला उरला तो गडी, नाहीतर गावाकडून आलेला भोळा पाहुणा. पोरं कुठल्या बाजूला जातील? शहरात शाळेत 'मले-तुले' म्हणणारं लेकरू दुसऱ्या दिवसापासून 'मला-तुला' म्हणू लागतं. त्याला कोणी मारत नाही, नुसतं हसतात. तेवढं पुरतं.

दोष एकट्या पडद्याला देऊन सुटका नाही. आमच्या पिढीनंही मुलांना सांगितलं, "नीट बोल, लोक काय म्हणतील?" आम्ही स्वतः कॉलेजात चाळीस मिनिटं प्रमाण भाषेत बोलायचो आणि घरी आल्यावर वऱ्हाडीत चहा मागायचो. मुलांनी ते पाहिलं. कोणती भाषा प्रतिष्ठेची, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

मग करायचं काय? बेने इस्रायलींचा धडा इथं उपयोगी आहे. त्यांच्याकडं जे माध्यम आलं, ते त्यांनी नुसतं पाहिलं-ऐकलं नाही. छापखाना आला तर पोथी छापली, कीर्तन दिसलं तर आख्यान रचलं, परदेशात गेले तर नियतकालिक काढलं. आज तुमच्या प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, आणि आजीचा आवाज जसाच्या तसा सातासमुद्रापार नेणारं इतकं स्वस्त साधन आधी कधी नव्हतं. आपण त्यावर काय पाठवतो? दुसऱ्याचे आलेले फुलांचे फोटो, 'शुभ सकाळ' लिहून. त्याऐवजी आजीला म्हणा, जात्यावरची ओवी म्हण. आजोबांना विचारा, दुष्काळात विहिरीचं पाणी कुठवर गेलं होतं. त्यांच्याच बोलीत बोलू द्या, सुधारू नका. ते नातवंडांना पाठवा.

आम्ही ते केलं. दर रविवारी नातीला पाच मिनिटांची एक गोष्ट पाठवतो, वऱ्हाडीत. पहिल्या दोन-तीन गोष्टींना ती हसलीच. मग एकदा तिचा उलट आवाज आला, "आजोबा, पुढं काय झालं? मले सांगा ना." तो 'मले' चुकून आला की मुद्दाम म्हणाली, आम्ही विचारलं नाही. पुढची गोष्ट पाठवली.