जाते, पिठाची गिरणी आणि साधेपणाचा प्रश्न

परभणी जिल्ह्यातील गोदाकाठचे गंगाखेड जनाबाईचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. परंपरेनुसार दमा व करुंड यांची ही कन्या बालवयातच पंढरपुरास दामाशेटींच्या घरी आली आणि नामदेवांच्या कुटुंबात दासी म्हणून तिचे आयुष्य गेले. तिच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आढळतात. ते सर्वच तिचे असावेत असे अभ्यासक मानीत नाहीत. तथापि त्यांतील दळण, कांडण, झाडलोट व शेण्या यांचे जग खऱ्या कष्टांचे आहे. साध्या श्रमजीवनाचा आदर्श म्हणून तिला पुढे करण्याचा मोह होतो. तो आवरावयास हवा. हा साधेपणा तिने निवडलेला नव्हता, दासीपणाबरोबर तो तिच्या वाट्यास आला होता.

साधेपणा जाणून स्वीकारण्याचा विचार विसाव्या शतकातील आहे. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांस लिहिलेल्या पत्रांत गांधीजींनी शरीरश्रमास व्रताचे स्थान दिले आणि ते स्त्रीपुरुष दोघांसही लागू केले. पुढे १४ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे काम सांभाळले. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल व जात्यावरचे पीठ यांचा पुरस्कार संघाने केला तो आरोग्य आणि गावातील रोजगार या दोन्ही कारणांसाठी. यंत्राने पोषण नासते व पैसा गावाबाहेर जातो, हा त्यातील मुख्य युक्तिवाद होय.

हा युक्तिवाद तांदळाच्या व तेलाच्या बाबतीत जितका सरळ आहे तितका मराठवाड्यातील ज्वारीच्या बाबतीत नाही. ज्वारीचे पीठ फार दिवस टिकत नाही. शिळ्या पिठाची भाकरी थापताना चिरते. म्हणून दळण पुन्हा पुन्हा, आणि तेही पहाटेच्या अंधारात, करावे लागे. तळीवर वरची पाळू फिरवावयाची, खुंटा धरून एकीने किंवा समोरासमोर बसून दोघींनी. दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यावयाची. हे काम पुरुषाकडे जवळजवळ कधीच आले नाही. श्रमव्रत सर्वांस सांगितले गेले, पण जात्याचा खुंटा हातात राहिला तो सुनेच्या. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा बायकांनी तिचे स्वागत केले, यात नवल नाही.

हानी झाली ती ओवीची. दळताना गाण्याचा प्रसंगच उरला नाही. हेमा राईरकर व गी पॉइटवां यांनी १९८० नंतरच्या काळात लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या, त्यामुळे हे वाङ्मय वाचले. त्यांत माहेर, भाऊराया आणि विठ्ठल आहेत, तसा सासुरवासही आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात तर डॉ. आंबेडकरांवरील ओव्या मिळाल्या. जात्यावरील जीवन संतुष्ट व निमूट होते, ही नागर समजूत या सामग्रीपुढे टिकत नाही.

लग्नघरी मात्र जाते अजून मांडले जाते. त्याची पूजा होते, सुवासिनी हळद दळतात, आठवतील तेवढ्या ओव्या म्हणतात. पंगतीचे दळण गिरणीतून येते.