पीरभॉयांची गाडी

नेरळहून माथेरानला चढणारी २ फुटी रुळांची गाडी अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात उभारली. सुमारे १६ लाखांचा खर्च वडिलांनी, सर आदमजींनी उचलला. हे आपण अभिमानाने सांगतो, सांगावेच. पण आपली गोष्ट तिथेच थांबते, हे आम्हांला खटकते. दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना मज्जाव. घोडेवाले, हमाल यांचे पोट येणाऱ्या पाहुण्यांवर. जुलै २००५ च्या पावसाने रूळ उखडले, २००७ पर्यंत गाडी बंद राहिली, झळ त्यांनाच. पायथ्याच्या वाड्यांतल्या ठाकूर-कातकऱ्यांना तर गाडी सुरू असतानाही पायवाटच होती. मजुरीसाठी ते डोंगर चालतच चढत आले.