नागाचें देऊळ आणि गोल्फचें मैदान

गोल्फ हा मुळांत स्कॉटलंडच्या समुद्रकांठचा, वाळूवर उगवणाऱ्या खुरट्या गवतावरचा खेळ. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून त्याच्या नादीं लागले म्हणून तेथील पार्लमेंटानें १४५७ सालीं त्यावर बंदी घातली. (माझ्या शाळेंत विटीदांडूवर अशीच बंदी असे, आणि ती तितपतच पाळली जाई.) १८२९ मध्यें कलकत्त्यास गोल्फचा क्लब निघाला, पण बंगालच्या सपाटीवरून हा खेळ हिमालयाच्या उतारावर चढला, ती हकीकत निराळी आहे.

सिमल्याहून सुमारें २२ किलोमीटरांवर, २,००० मीटरांहून अधिक उंचीवर, देवदारांनीं वेढलेलें नालदेहरा हें ठिकाण आहे. वंगभंगामुळें आपणांस ठाऊक असलेला व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन येथें तंबू ठोकून राहत असे. ही जागा त्याच्या मनांत इतकी भरली कीं, त्यानें तेथें गोल्फचें मैदान करविलें, आणि १९०४ सालीं जन्मलेल्या आपल्या धाकट्या मुलीचें नांव ‘अलेक्झांड्रा नाल्डेरा’ असें ठेविलें.

सपाटीवर खेळाडू अंतर मोजतो. येथें त्याला उतार वाचावा लागतो. चेंडू पावलांहून उंचावर असला, तर उजव्या हातानें खेळणाराचा टोला डावीकडे वळतो. खालीं असला, तर उजवीकडे. हवा विरळ असल्यामुळें चेंडू अधिक दूर जातो खरा, पण त्याच्यामागून चढतांना धापही तशीच लागते. नेम चुकला कीं चेंडू देवदारांत गडप! आणि काठ्यांची जड पिशवी खांद्यावर वाहून हा सारा चढ चढणारा पहाडी माणूस, त्याचें नांव कोणीं लिहून ठेविलें आहे?

प्रवाशांच्या माहितीपुस्तकांत ‘कर्झननें नालदेहरा शोधून काढलें’ असें छापलेलें असतें. मीही वर्गांत वर्षानुवर्षें ‘अमक्यानें अमुक देश शोधला’ असेंच शिकविलें, म्हणून दोष दुसऱ्यास देत नाहीं. परंतु त्या हिरवळीवर महूनागाचें देऊळ आहे, आणि नालदेहरा हें नांव नाग व देहरा, म्हणजे नागाचें देऊळ, यांवरून पडलें असें सांगतात. तसें असेल, तर जागा शोधली कोणीं?

१९४७ सालीं व्हाइसरॉयांचें राज्य गेलें. मैदानावर खेळ अजून चालतो. कर्झनची ती कन्या १९९५ पर्यंत जगली, आणि तोंपर्यंत पहाडांतला तो नाग तिच्या नांवांत होता.