सातवीच्या दप्तरातला लॅपटॉप

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. जंगल, बटाटा, समुद्रातले लॉबस्टर आणि कागदाच्या गिरण्या यांवर पिढ्यानपिढ्या जगलेलं. २००० साली तिथली लोकसंख्या पावणेतेरा लाखांच्या आसपास होती, म्हणजे आपल्या हिंगोली जिल्ह्याहून किंचित जास्त. शाळेत मुलांनी लॅपटॉप वापरावा की नाही, या आज घरोघरी चालणाऱ्या वादाचा पहिला मोठा फड रंगला तो इथे.

त्या वर्षी राज्याच्या तिजोरीत अनपेक्षितपणे सुमारे सात कोटी डॉलर शिल्लक राहिले. गव्हर्नर अँगस किंग हे ना डेमोक्रॅट, ना रिपब्लिकन, अपक्ष. त्यांची गाठ पडली सिमोर पेपर्ट यांच्याशी. लोगो या मुलांसाठीच्या संगणकभाषेच्या जनकांपैकी एक असलेले पेपर्ट मेनमध्येच राहायला आले होते. पाच मुलांमागे एक संगणक आहे, तो तीन मुलांमागे एक केला तर काय होईल, असा किंग यांचा सवाल. पेपर्ट यांचं म्हणणं, काहीही होणार नाही. फरक पडेल तो एका मुलामागे एक आला तरच. अख्ख्या वर्गात मिळून एकच पेन्सिल ठेवली तर लेखन कसं शिकवणार, हा त्यांचा आवडता दाखला.

मार्च २००० मध्ये किंग यांनी जाहीर केलं की सातवीतल्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप मिळेल, आणि तो त्याच्या मालकीचा असेल. लोक भडकले. गव्हर्नरांकडे येणाऱ्या पत्रांत विरोधाची पत्रं कितीतरी पटींनी जास्त होती. शाळांची छपरं गळतायत, आधी ती दुरुस्त करा. लॅपटॉपपेक्षा लाकूडतोडीच्या करवती वाटा, अशी थट्टाही झाली. मला त्या थट्टेत नुसता अडाणीपणा दिसत नाही. ज्याच्या घरात करवतीवर पोट चाललं आहे, त्याला आपल्या मुलाच्या हाती कोणतं हत्यार द्यायचं हे विचारलं जावं, एवढीच त्याची अपेक्षा असते. किंग यांचं उत्तरही रोजगाराचंच होतं: गिरण्यांच्या भरवशावर पुढची पिढी जगणार नाही.

मग समिती बसली, वर्षभर खल झाला, मालकीची कल्पना गळाली. लॅपटॉप राज्याने भाड्याने घ्यायचे आणि शाळेने मुलांना वापरायला द्यायचे, असं ठरलं. ॲपलशी चार वर्षांचा, ३ कोटी ७० लाख डॉलरच्या घरातला करार झाला आणि २००२ च्या शरद ऋतूत सतरा हजारांवर मुलांच्या हाती पांढरे आयबुक आले. पुढच्या वर्षी आठवीचाही नंबर लागला.

इथे पालकांची खरी अडचण सुरू झाली. शाळेत वापरा, ठीक. घरी आणायचा की नाही? हा निर्णय राज्याने स्थानिक शाळांवर सोडला. बऱ्याच ठिकाणी आधी पालकांना सभेला बोलावत, नियम समजावत, सही घेत आणि मगच लॅपटॉप घरी जाई. पालकांचे प्रश्न अगदी संसारी होते. फुटला तर भरपाई कोण देणार? बसमध्ये चोरीला गेला तर? इंटरनेटवर मूल भलतंच काही बघायला लागलं तर? शाळेत गाळणी लावणं सोपं होतं. केंद्र सरकारची मदत हवी असेल तर ती लावायलाच हवी, असा कायदा डिसेंबर २००० मध्ये झालाही होता. पण घरातल्या बंद खोलीत ही जबाबदारी आईबापांवरच येई, आणि अनेकांच्या घरात तो पहिलाच संगणक होता.

मुलं यंत्रं फोडतील ही भीती बरीचशी खोटी ठरली. मुलांच्या लक्षाचं काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. २००७ मध्ये मेनमधल्याच विद्यापीठीय अभ्यासात आठवीच्या मुलांचं लेखन स्पष्टपणे सुधारलेलं दिसलं; इतर विषयांच्या गुणांबद्दल असं काही ठामपणे म्हणता येईना. (लिहिलेलं पुसून पुन्हा लिहिणं सोपं झालं की लेखन सुधारतं, यात मला तरी नवल वाटत नाही.) त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या लिव्हरपूलच्या शाळांनी आपली लॅपटॉप योजना गुंडाळायचं ठरवलं. यंत्रं बिघडत होती, मुलं नको त्या साइट्सवर जात होती आणि गुणांत फरक नव्हता.

पालकांच्या मनात न आलेली भीती खरी ठरली ती फिलाडेल्फियाजवळच्या लोअर मेरियनमध्ये. ती मुलं हायस्कूलची. हरवलेला लॅपटॉप शोधण्यासाठी बसवलेली प्रणाली घरी नेलेल्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून फोटो काढत होती, आणि मुलांना वा पालकांना त्याची कल्पना नव्हती. २००९ मध्ये एका मुलाचा त्याच्याच खोलीतला फोटो शाळेने पुढे केला आणि २०१० मध्ये हे फुटलं. शाळाप्रशासनाने ६ लाख १० हजार डॉलर देऊन खटले मिटवले. मूल पडद्यावर काय बघतं, याची काळजी आईबापांनी केली होती; पडद्यातून मुलाकडे कोण बघतं, हे विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. लॅपटॉप घरी न्यायचा की नाही, हा प्रश्न मेनमध्ये वीस वर्षं जुना होता. तो काही दिवसांत संपला, कारण आता घर हाच वर्ग होता. आणि घरी लॅपटॉप नको म्हणणारे पालकही तो मिळावा म्हणून शाळेकडे विचारणा करू लागले.