मेलेल्या गुराचे कातडे

विहिरीवरची चामड्याची मोट, बैलांच्या जुवाच्या वाद्या, पाण्याच्या पखाली आणि पायातल्या वहाणा यांवाचून जुन्या महाराष्ट्रातील शेती चालली नसती, आणि यांसाठी लागणारे कातडे बव्हंशी गावातच मेलेल्या गुरांचे असे. गोवध पाप मानणाऱ्या समाजाला ते वापरताना विटाळ वाटला नाही. विटाळ वाटला तो ते काढणाऱ्या माणसाचा. गावगाड्यात, म्हणजे बलुतेदारांच्या वंशपरंपरागत सेवेवर चालणाऱ्या ग्रामव्यवस्थेत, मेलेले ढोर ओढून नेणे महारांकडे, कातडे कमावणे ढोर समाजाकडे आणि मोट वा वहाण शिवणे चांभारांकडे असे. कातड्याच्या वाट्याची रीत मात्र गावोगाव निराळी होती.

कमावणे म्हणजे कच्चे कातडे कुजू नये अशी त्याची सिद्धता करणे. चुन्याच्या निवळीत भिजवून केस सैल करायचे, आतल्या बाजूचे मांस रापीने खरवडायचे, आणि मग बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यात कातडे दिवसच्या दिवस मुरवायचे, म्हणजे त्यांतील तुरट द्रव्य तंतूंत भिनून कातडे टिकाऊ होते. कोल्हापुरी चपलेचे पारंपरिक कातडे याच रीतीचे. एवढे कौशल्य आणि एवढी दुर्गंधी एकाच कामात असताना समाजाने मोजली ती फक्त दुर्गंधी.

या कामाला मोठा नकार मिळाला तो 1927 च्या मार्चमध्ये महाडला. तेथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस खाणे व मेलेली ढोरे ओढणे सोडून देण्याचे आवाहन केले, आणि 1928 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात वतनी, म्हणजे वंशपरंपरेने बांधलेल्या, कामांच्या सक्तीविरुद्ध विधेयक मांडले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हायला मात्र 1958 उजाडले. गांधीजींनी याच वस्तूकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. कत्तलीचे कातडे त्याज्य, आपोआप मेलेल्या जनावराचे ग्राह्य, असा भेद त्यांनी केला. या विचाराने वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले, आणि पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी, जन्माने ब्राह्मण असून, मेलेली ढोरे सोलण्याचे काम अंगावर घेतले. जनावराबाबतचा नैतिक प्रश्न या भेदाने बराच सुटला, पण माणसाबाबतचा सुटला नाही, कारण अप्पासाहेबांसारखे स्वेच्छेने रापी धरणारे थोडे होते आणि जातीने तिला बांधलेले पुष्कळ.

दरम्यान पंपांनी मोट हद्दपार केली, तरी कातड्याचा वाद मिटला नाही. महाराष्ट्राच्या 1976 च्या पशुसंरक्षण कायद्यात 2015 पासून गायींबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. मेलेल्या गुरांची विल्हेवाट कोणी लावायची हा प्रश्न या बंदीवरच्या चर्चेत क्वचितच निघाला. तो निघाला शेजारच्या गुजरातेत. जुलै 2016 मध्ये ऊना तालुक्यात मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षकांनी अमानुष मारहाण केली, त्यावर अनेक ठिकाणच्या दलितांनी मेलेली ढोरे उचलण्याचे बंद केले, आणि सुरेंद्रनगरला तर ती जिल्हाधिकारी कचेरीसमोर आणून टाकली.