नाळेतलं रक्त : कल्पना जुनी, मोजणी नवी

शोधनिबंध हातात आला की आपण आधी निष्कर्ष वाचतो आणि ‘पद्धती’ हा भाग सरळ ओलांडून पुढे जातो. मीही तेच करायचो. आज एक उदाहरण बघा, ज्यात खरी गोष्ट त्या ओलांडलेल्या भागातच आहे.

ऑक्टोबर 1988. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अ‍ॅनिमिया झालेल्या पाच वर्षांच्या अमेरिकन मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं. बहीण निरोगी आहे आणि तिच्या पेशी भावाशी जुळतात, हे जन्माआधीच तपासलेलं होतं. (बहिणीचं रक्त, त्याचं स्वतःचं नव्हे! त्याच्या स्वतःच्या नाळेतही तोच जनुकीय दोष असणार. ‘बाळाचं रक्त बाळासाठी जपून ठेवा’ अशी जाहिरात दिसली की हे आठवा.)

आता तुम्ही म्हणाल, कल्पना कोणाला सुचली? पण कल्पना तेव्हा नवी नव्हतीच. व्हर्जिनियातल्या एंडे बंधूंनी ल्युकेमियाच्या एका 16 वर्षांच्या रुग्णाला अनेक बाळांच्या नाळेतलं रक्त दिल्याचं 1972 मध्येच छापलं होतं. फारसं कोणी लक्ष दिलं नाही. 1974 मध्ये क्नुडझोन यांनी या रक्तातल्या पेशी प्रयोगशाळेत वसाहती करून वाढतात हे दाखवलं. तरीही पुढे एक तप उलटून गेलं.

अडलं होतं ते हिशेबापाशी. एका नाळेत मिळून मिळून किती रक्त निघणार? त्यातल्या पेशी पुरतील का? गोठवून टिकतील का? इंडियानापोलिसला हॅल ब्रॉक्समायर आणि सहकाऱ्यांनी शंभराहून जास्त नमुने तपासले. मानवी मूलपेशी थेट मोजायची चाचणीच तेव्हा नव्हती, म्हणून त्यांनी वसाहती करणाऱ्या पूर्वज पेशी मोजल्या. म्हणजे हवं ते मोजता येईना, तर त्याच्याशी बांधलेलं काहीतरी मोजलं. आणि निबंधात हे पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट कबूल केलं. तुमच्या प्रबंधातही अशी जागा येणार आहे, तेव्हा ती लपवू नका.

त्यातून दोन साध्या गोष्टी हाती लागल्या. एक, रक्त गोठू न देणारं द्रव्य घातलं की या पेशी 4 किंवा 25 अंशांवर निदान तीन दिवस टिकतात; 37 अंशांवर मात्र नाही. म्हणजे शरीराच्या तापमानाला मरतात आणि टेबलावर जगतात! याचा अर्थ, बाळ एका गावी जन्मलं तरी गोठवणं दुसऱ्या गावी चालतं.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. रक्त ‘स्वच्छ’ करायला, तांबड्या पेशी वेगळ्या काढायला गेलं की हव्या त्या पेशीही बऱ्याच वाया जातात. नीटनेटकं काम करणाऱ्या कोणालाही हा निकाल खटकेल. पण नाळेतलं रक्त एकदाच मिळतं, आणि तेही थोडं. म्हणून त्यांनी ते वेगळं न करता तसंच गोठवलं. पॅरिसला पिशवी वितळवली आणि न धुता मुलाला दिली. पेशी रुजल्या.