भाषांतर आधी की आयत्या वेळी?

संगणकाला फक्त शून्य आणि एक कळते, हे आपण इतक्यांदा ऐकले आहे की त्याचे आता नवल वाटत नाही. माणसाला मात्र शून्य-एकाच्या ओळी लिहीत बसणे परवडत नाही. म्हणून मध्ये एक भाषांतर करणारा लागतो. तो दोन तऱ्हांनी काम करू शकतो. सभेत वक्त्याशेजारी उभा असलेला दुभाषी एकेक वाक्य ऐकतो आणि तिथल्या तिथे सांगतो. दुसरा भाषांतरकार घरी बसून अख्खे पुस्तक आपल्या भाषेत आणून ठेवतो; मग वाचताना त्याची गरजच उरत नाही. संगणकाच्या जगात पहिल्याला इंटरप्रीटर म्हणतात, दुसऱ्याला कंपायलर. आता या दोघांमधली सीमारेषा पूर्वीइतकी स्वच्छ राहिलेली नाही, पण समजून घ्यायला एवढे पुरे.

आमच्या भुईगावातली काही मुले सध्या ‘गो’ नावाची कंपायलरवाली भाषा शिकत आहेत. अडले की माझ्याकडे येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘सर, पायथन इतकी सोपी आहे, मग ही कशाला?’ याचे उत्तर द्यायला मला साठ-सत्तर वर्षे मागे जावे लागते. फार दूर मात्र जावे लागत नाही. वसई रोडहून चर्चगेटची गाडी धरायची आणि पुढे कुलाबा गाठायचा.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण संशोधकांनी स्वतःच्या हाताने संगणक बांधला. १९६० साली तो पूर्णपणे चालू झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. सुमारे २,७०० निर्वात नळ्या, आणि स्मृती किती? प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द. आजच्या हिशेबाने अवघे १० किलोबाइट. मोबाइलवर काढलेला एक फोटोही त्यात मावणार नाही. त्याच्यासाठी आज्ञा लिहायच्या त्या थेट यंत्राच्याच भाषेत. भाषांतर माणसाच्या डोक्यात व्हायचे.

तिकडे अमेरिकेत ग्रेस हॉपर यांनी १९५२ मध्येच वेगळा विचार केला होता. तयार आज्ञासंच गोळा करून जोडणारी त्यांची पद्धत म्हणजे ‘कंपाइल’, शब्दशः संकलन. मराठीत आपण कंपायलरला ‘संकलक’ म्हणतो ते या जुन्या अर्थाला धरून आहे. आजच्या कामाला मात्र ‘अनुवादक’ हाच शब्द शोभला असता, असे माझे मत. पुढे १९५७ मध्ये आयबीएमच्या जॉन बॅकस यांच्या गटाने फोर्ट्रान आणली. सूत्र लिहा, यंत्राच्या आज्ञा आम्ही बनवू, असा तिचा वायदा होता. बॅकस यांना धास्ती एकच होती. कंपायलरने बनवलेल्या आज्ञा माणसाने लिहिलेल्यांपेक्षा फार मंद निघाल्या, तर कुणी ढुंकूनही पाहणार नाही. कारण तेव्हा यंत्राचा वेळ माणसाच्या वेळापेक्षा महाग होता.

१९६४ मध्ये कुलाब्याला सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला आणि त्याच्याबरोबर फोर्ट्रानही आली. देशभरच्या संस्थांची कामे तिथे येऊ लागली. शून्य-एकाची सवय नसलेले अभियंते आणि शास्त्रज्ञही आता आपला प्रश्न स्वतः यंत्रापुढे मांडू शकत होते. भारतात संगणक हा मूठभरांच्या हातातून सुटला तो अशा भाषांमुळे. यंत्रांची छायाचित्रे सगळे छापतात, भाषेची आठवण कुणी काढत नाही.

तशीच न निघणारी आठवण पवईची. अनुवाद करताना फुकटची मेहनत कशी टाळावी, या प्रश्नावर आयआयटी मुंबईत प्रा. धनंजय धामधेरे यांनी अनेक वर्षे काम केले. १९७९ मध्ये मोरेल आणि रेनव्हाज या दोघांनी मांडलेली एक पद्धत त्यांनी व्यवहारात वापरता येईल अशी केली. मी ती मुलांना आमच्या फुलांवरून समजावतो. समजा, वाडीतून स्टेशनला जायच्या दोन वाटा आहेत. एका वाटेवर टोपल्या मोजल्या जातात, दुसरीवर नाही. म्हणून स्टेशनवर सगळ्यांच्याच पुन्हा मोजाव्या लागतात. त्यापेक्षा दुसऱ्या वाटेवरही मोजणारा बसवा आणि स्टेशनवरची मोजणी बंद करा. टोपली एकदाच मोजली जाते आणि दादरची गाडी चुकत नाही. कंपायलर हे तुमच्या नकळत, हजारो ठिकाणी करतो. पुढे प्रा. उदय खेडकर यांनी पवईतच जीसीसी या जगभर वापरल्या जाणाऱ्या कंपायलरचे अंतरंग शिकवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या.

नव्वदच्या दशकात यंत्रे स्वस्त झाली, माणसे महागली. पायथन, पीएचपी यांसारख्या भाषांचा जोर वाढला. लिहा आणि लगेच चालवा. यात काही वाईट नव्हते. पण आपल्या मोबाइलच्या पडद्यामागे दूर कुठेतरी रात्रंदिवस राबणारे जे संगणक असतात, ज्यांना बॅकएंड म्हणतात, त्यांच्यावरचा भार मग अफाट वाढला. यूपीआयचेच पाहा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या सेवेवर ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. इतक्या भाराखाली प्रत्येक वाक्यामागे दुभाषी उभा करायचा, तर त्याचे भाडे मोजावे लागते.

जुन्या कंपायलरवाल्या भाषांचे दुखणे वेगळे. गूगलमध्ये २००७ साली सी++ मधला एक प्रचंड प्रोग्राम कंपाइल व्हायला पाऊण तास लागत असे. त्या वाट पाहण्यात रॉब पाइक, रॉबर्ट ग्रीझमर आणि युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांची चर्चा सुरू झाली आणि तीतून ‘गो’ निघाली. ती नोव्हेंबर २००९ मध्ये जाहीर झाली, मार्च २०१२ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली. अनुवाद आधीच व्हावा, पण चुटकीसरशी व्हावा, हा तिचा हट्ट.

हा हट्ट मुलांना पहिल्याच दिवशी भेटतो. एखादे नाव घोषित केले आणि वापरले नाही, तर कंपायलर पुढे जाऊच देत नाही. बाहेरून मागवलेला आज्ञासंच न वापरता ठेवला, तरी तेच. मुले वैतागतात. पण अडगळ नसली की अनुवाद लवकर होतो, आणि चूक गिऱ्हाइकासमोर उघडी पडण्याऐवजी घरीच सापडते. त्यांचा पहिला धडा दहा ओळींचा होता: पत्ता विचारला की फुलांचा त्या दिवशीचा भाव सांगणारा छोटा सर्व्हर. ‘गो बिल्ड’ म्हटल्यावर एकच फाइल तयार झाली. ती दुसऱ्या तशाच संगणकावर नेली, तिथे गो बसवलेली नव्हती, तरी चालली. मग एकाने विचारले, हजार माणसांनी एकदम भाव विचारला तर? गोमध्ये प्रत्येक विचारणेसाठी गोरूटीन नावाचा हलका कामकरी नेमला जातो. त्याला सुरुवातीला साधारण दोनच किलोबाइट जागा पुरते. टिफ्रॅकच्या सबंध स्मृतीत असे पाचच बसले असते, हे सांगितल्यावर मुलांनी हिशेब करून पाहिला.

आणि गोचा कंपायलर स्वतः कोणत्या भाषेत लिहिला आहे, हा पुढचा प्रश्न आलाच. आधी तो सी भाषेत होता. २०१५ मधल्या १.५ या आवृत्तीपासून तो गोमध्येच आहे.